साकोलीच्या पोरींचे तीन सामने

साकोलीच्या महाविद्यालयात मुलींची फुटबॉल टीम निघाली, त्या वर्षी तिनं हरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शेवटच्या सामन्यात तर नागपूरच्या एका कॉलेजनं त्यांच्यावर नऊ गोल चढवले. तेव्हापासून कॅन्टीनसमोर बसणारी पोरं त्यांना पाहिलं की म्हणायची, "आली पाहा नऊवारी टीम!"

स्वाती या टीमची कॅप्टन. ती पवनीच्या विणकरांच्या घरातली, कॉलेजसाठी साकोलीला मामाकडे राहायची. पाय चपळ आणि तोंड त्याहून चपळ. नऊवारीचा हा टोमणा तिनं उन्हाळाभर मनात ठेवला होता. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी काही कॉलेजांनी मिळून साखळी सामने ठरवले, तेव्हा ती विजयमाला मॅडमना म्हणाली, "मॅडम, या वर्षी जिंकलो नाई तरी चालन, पण हसू नाई द्याचं कोणाले."

विजयमाला मॅडम खेळ शिकवायच्या. त्या स्वतः कबड्डीपटू, फुटबॉल पोरींबरोबरच शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आधी चांगली गोलकीपर शोध."

गोलकीपर स्वतःहूनच चालत आली. रिता तिचं नाव, एकोडीची, पहिल्या वर्षाला. उंच, सावळी, बोलायला अगदी कमी. गोलमध्ये काहून उभं राहाचं आहे, असं स्वातीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मले धावाले नाई आवडत. पण बॉल हातचा सोडालेही नाई आवडत."

पहिला सामना जवाहरनगरला होता. तिथलं मैदान सपाट, गवत कापलेलं, कारखान्याच्या क्वार्टरमधली मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. समोरच्या पोरींचे बूटसुद्धा एका रंगाचे. पहिल्याच मिनिटाला त्यांची एक पोरगी सगळ्यांना चुकवत एकटी गोलपाशी पोचली. स्वाती मागून जिवाच्या आकांतानं धावत होती, पण पोचणार नाही हे तिला कळलं होतं. रिता मात्र घाईनं पुढं आली नाही. ती थांबली, पोरीच्या पायाकडे पाहत राहिली, आणि पाय हलला तशी सरळ जमिनीवर आडवी पडली. बॉल तिच्या छातीशी होता. तिनं उठून कोपराची माती झटकली आणि जणू काही झालंच नाही अशी बॉल फेकून मोकळी झाली.

स्वातीनं तोवर चांगला खेळ पाहिला नव्हता असं नाही. पण एवढ्या शांतपणे केलेलं एवढं अवघड काम तिनं पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी रितानं असे कितीतरी बॉल अडवले. सामना शून्य-शून्य सुटला आणि साकोलीच्या पोरी जिंकल्यासारख्या नाचल्या.

आणि मग रिता यायचीच बंद झाली.

एक दिवस झाला, दोन झाले. फोन लागेना. भंडाऱ्याचा सामना तोंडावर आलेला. पुढच्या फळीत खेळणारी रंजिता फणकाऱ्यानं म्हणाली, "एका सामन्यात टाळ्या काय भेटल्या, डोक्यात हवा गेली तिच्या."

"तसं वाटत नाई मले," स्वाती म्हणाली. "चाल, जाऊनच पाहू."

दोघी एसटीनं एकोडीला गेल्या. घराला कडी होती. शेजारच्या बाईनं धानाच्या बांध्यांकडे, भातखाचरांकडे बोट दाखवलं. पाऊस यंदा उशिरा आल्यानं सगळ्या गावाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, एकदमच निघाला होता. जिकडे पाहावं तिकडे चिखलात वाकलेल्या बाया. एका बांधीत मात्र दोघंच होते, रिता आणि तिचा बाप घनश्याम. धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, तिची माय शकुनबाई बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

स्वातीला पाहून रिता उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात धानाच्या परह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी.

"माय घसरली धुऱ्यावरून," ती म्हणाली. "बाया भेटून नाई राहिल्या रोवण्याले. परहे मोठे होऊन राहिले. आता नाई लावले तं वर्षाचं धान जाईन."

"मंग सांगाचं तं होतं!" स्वाती म्हणाली.

"काय सांगू? तुमचा सामना तुमाले, माह्या रोवणा मले."

रंजिताचा चेहरा उतरला होता. शकुनबाईच बोलली, "पोरी, मी नाई अडवलं तिले. मी म्हणलं जा. तेच आयकत नाई."

साकोलीला उतरल्यावर मामाच्या घरी न जाता स्वाती थेट मॅडमकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अख्खी टीम एकोडीला उतरली. पुढं मॅडम, साडीचा पदर खोचून. रितानं मान वर करून पाहिलं आणि पाहतच राहिली.

"अवो, तुमाले येते का रोवणा?" शकुनबाईनं विचारलं.

"ज्यांले येते त्या शिकवतीन," स्वाती म्हणाली. "बाकीच्या शिकतीन."

निम्म्या पोरी शेतकऱ्यांच्याच होत्या. त्यांनी भराभर रांगा धरल्या. हाल झाले ते बाकीच्यांचे. स्वातीनं जन्मात चिखलात पाय घातला नव्हता. पहिल्या पावलाला ती रुतली, दुसऱ्याला बसली. तिनं लावलेली रोपं वर तरंगायला लागली. शकुनबाई धुऱ्यावरून ओरडायची, "अवो कॅप्टन, बोटानं दाब! धान लावून राहिली का फुलं वाहून राहिली?" सगळी बांधी हसायची. रिता रोवता रोवता मागं सरकत स्वातीच्या शेजारी आली, तिची रांग स्वतःच्या हातानं नीट केली आणि पुन्हा आपल्या रांगेला लागली. तिचा हात पाण्यात जाऊन वर येई तेवढ्यात रोप उभं झालेलं असे. जवाहरनगरला बॉल धरणारे हात ते हेच, हे पाहताना स्वाती आपलं काम विसरली आणि तिला पुन्हा ओरडा बसला.

दिवस मावळायच्या आत शेवटची बांधी हिरवी झाली. घनश्यामनं चहाची किटली आणली. तो फार बोलणारा माणूस नव्हता. प्रत्येक पोरीच्या हातात त्यानं स्वतः कप दिला. मग शकुनबाईनं रिताकडे पाहिलं. "आता काय पाहून राहिली? जा तुह्या सामन्याले."

भंडाऱ्याच्या सामन्यात कोणाचीच कंबर धड नव्हती. स्वातीला बुटाची नाडी बांधायला वाकवत नव्हतं. पण रात्रीच्या पावसानं मैदानाचा राडा झाला होता. समोरच्या पोरी जपून पाय टाकत होत्या, आणि साकोलीच्या पोरींना चिखलाचं भय उरलं नव्हतं. रंजितानं दोन गोल केले. एक त्यांनी फेडला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा जिंकल्यावर काय करायचं असतं हेच पोरींना ठाऊक नव्हतं. त्या एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मॅडमच आधी रडल्या.

तिसरा सामना साकोलीलाच, आणि समोर तीच नागपूरची टीम. कॅन्टीनची पोरं मैदानाच्या कडेला गर्दी करून उभी होती. सामना रंगात आला असताना उजवीकडून एक उंच बॉल आला. स्वातीनं तो बाहेर मारायला पाय घातला, आणि बॉल तिच्याच पायाला लागून आपल्याच गोलमध्ये गेला.

कडेला हशा पिकला. "नऊवारी! पहिली वारी झाली!" स्वाती होती तिथंच गुडघ्यावर बसली. तिला वाटलं, भुई फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

रितानं जाळ्यातला बॉल काढला, चालत आली आणि तिच्या हातात दिला.

"तुह्या मांगं त्यांची पोरगी उभी होती," ती म्हणाली. "तू पाय नसता घातला तं तिनं मारलाच असता. ऊठ. एकच झाला आहे. दुसरा मी नाई होऊ देत."

मैदानावर एवढं ती आजवर कधी बोलली नव्हती. स्वाती उठली.

आणि रितानं खरंच दुसरा होऊ दिला नाही. नागपूरच्या पोरींनी जवळून मारले, लांबून मारले, एकदा तर बॉल तिच्या बोटांना लागून दांड्यावर आपटला. प्रत्येक वेळी ती उठायची, माती झटकायची, बॉल पुढं फेकायची. हळूहळू कडेचा हशा थांबला. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता तीच पोरं रिताच्या नावानं ओरडू लागली. अशाच एका फेकीवर स्वातीनं बॉल घेतला, कडेकडेनं धावत सुटली आणि मधे धावत आलेल्या रंजिताला दिला. रंजितानं चूक केली नाही. एक-एक. तिथंच सामना संपला.

नागपूरच्या मॅडम येऊन विजयमाला मॅडमना म्हणाल्या, "मागच्या वर्षीची टीम हीच का?"

"पोरी त्याच," मॅडम म्हणाल्या, "एक सोडून."

त्या 'एकी'चा कुठं पत्ता नव्हता. स्वातीनं शोधलं. गर्दी अजून तिच्या नावाचा गजर करत होती, आणि रिता पाठीला बॅग लावून फाटकाबाहेर एकोडीच्या गाडीमागं धावत होती. न आवडणारं धावणं, पण चांगलंच जोरात. कंडक्टरनं गाडी थांबवली. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली तशी बसली. स्वातीनं हात हलवला, पण तिनं पाहिलं नाही. गाडी हलायच्या आतच तिला झोप लागली होती.