तुळईचा होकार

सोळा खांब, चोवीस तुळया, छताच्या नऊ चौकटी, एक गाभारा आणि त्याला एकच दार. एवढ्यात आमचं देऊळ संपतं. गावाबाहेरच्या टेकाडावर ते उभं आहे. त्याच्या सांध्यांत कुठेही चुना भरलेला नाही. प्रत्येक दगड दुसऱ्याच्या वजनाने जागेवर बसला आहे. मित्रांनो, गाभाऱ्याच्या दारासमोर, दोन खांबांच्या माथ्यावर आडवी टेकलेली जुनी दगडी तुळई म्हणजे मी.

माझा जन्म खाणीत झाला. पाथरवटांनी खडकात ओळीने भोकं पाडली, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि त्यांवर पाणी ओतत राहिले. लाकूड फुगत होतं, खडक ताणला जात होता, पण मी काही सुटेना. माणसं कंटाळली. तेव्हा मुख्य पाथरवटाची म्हातारी आई पुढे आली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "येतेस का गं बाई देवाकडे?" त्याच क्षणी खडक तडकला. 'टक' असा आवाज झाला आणि मी मोकळी झाले.

पाचरींचं नाव कुणी काढलं नाही. तुळई 'हो' म्हणाली, एवढंच गावात पोहोचलं.

तेव्हापासून मला विचारायची रीत पडली. संध्याकाळी लोक माझ्याखाली उभे राहत. विहीर खणू का, सोयरीक जुळवू का, असं काहीबाही विचारत. दिवसभर तापलेलं छत त्या वेळी निवत असतं. निवताना दगड आक्रसतो, सांधे किंचित सरकतात आणि कधीकधी आवाज होतो. लोक समाधानाने हात जोडत. मी गप्प राहिले, तर "आज तिचं मन नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. नकार ऐकायची सोय त्या रीतीत नव्हतीच. तरी मला ते आवडायचं. माझ्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं.

मग छत गळू लागलं आणि प्रश्न माझ्याच डोक्यावरचे होऊ लागले. वर चुन्याचा थर घालू का? टक. त्यावर फरशी? टक. फरशीवर सिमेंट?

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. वरून वजन आलं की तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. माझ्या पोटाला मधोमध केसाएवढी भेग पडली. आता निवण्याचा आवाज कुठला आणि तुटण्याचा कुठला, हे माझं मला कळत होतं. खाली उभ्या असलेल्यांना दोन्ही सारखेच ऐकू येत.

पुढे कुणीतरी हौसेने मला तैलरंग दिला. भेग झाकली गेली.

देवस्थान समितीच्या अध्यक्षांना घुमट हवा होता. "लांबून दिसलं पाहिजे देऊळ," ते म्हणाले. त्यांनी मला विचारलं आणि मी वाजले. घुमट चढला. आता त्यावर दगडी कळस बसायचा होता.

पुजारी दिवसभर माझ्याच खाली बसतात. त्यांची मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टीत आली, तेव्हा तिला माझ्या पोटावरचा रंग फाटलेला दिसला. तिने शिडी लावली आणि नखाने पापुद्रा काढला.

"बाबा, उद्यापासून इथे बसायचं नाही."

"मग कुठे बसू, झाडावर?"

"ही भेग आहे, बाबा."

"वय झालंय तिचं. माझ्या टाचा बघ, याहून मोठ्या भेगा आहेत."

कळसाची जागा बघायला माणसं घेऊन आलेले अध्यक्ष हसले. "ताई, तुम्ही शिकलेल्या, मान्य. पण तिने हो म्हटलंय."

"ती हो म्हणत नाहीये, काका. ती तुटतेय."

हसणं थांबलं, पण कुणी जागचं हललं नाही.

तेव्हा तिने भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरली आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने मला चिकटवली. "काच ताणत नाही, तुटते," ती वडिलांना म्हणाली. "कळसाचं विचाराल तेव्हा ही शाबूत राहिली, तर मी तोंड उघडणार नाही. तुटली, तर तुम्ही सगळ्यांना बाहेर काढून मंडपाच्या लोखंडी जाळीला कुलूप लावायचं."

किल्ली पुजाऱ्यांकडेच असते. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"लावीन," ते म्हणाले.

प्लास्टर वाळल्यावर, संध्याकाळी गाव जमलं. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, सगळे माझ्याखाली दाटीवाटीने बसले. बसायला दुसरीकडे जागा होती, पण जवळून ऐकायचं होतं ना.

मित्रांनो, जुन्या वास्तूवर तुमची माया असेल, तर तिच्या माथ्यावर काही ठेवण्याआधी तिच्या पोटाखाली उभे राहून नीट वर बघा. रंगाचा हात मारण्याआधी आपला हात फिरवा. आणि तिचा आवाज आला, तर तो कुठून आला ते आधी शोधा.

अध्यक्षांनी हात जोडले. "कळस चढवू का?"

मला गप्प राहायचं होतं. पण ते दगडाच्या हातात नसतं.

टक.

सगळ्यांचे हात जोडले गेले. पुजाऱ्यांचे मात्र नाही. ते किल्ली मुठीत धरून शिडीपाशी उभे होते. मुलगी वर चढली. तिने टॉर्च लावला आणि मापकाचं टोक काचेपाशी नेलं.

पट्टीचे दोन तुकडे. मधलं अंतर १.४ मिलिमीटर.