साळू लेकीला उचलत नव्हती

साळूला ते पहिल्यांदा जाणवलं भाताच्या खाचरात. बाळंत होऊन सतरावा दिवस होता. साल एकाहत्तर. लावणी कुणासाठी थांबत नाही, आणि घरात हात मोजकेच. नवरा जगन रस्त्याच्या कामावर जायचा, मागं उरायची ती आणि सासू भामाबाई. वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या वस्तीत पंधरा दिवसांच्या बाळंतिणीनं चिखलात उतरावं यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

सकाळपासून ती वाकून रोपं लावत होती. दुपारी रोपांच्या मुठींनी भरलेली पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि खाली काहीतरी सरकलं. दुखलं नाही. नुसतं सरकलं आणि तिथंच राहिलं.

पाटी बांधावर ठेवून ती करवंदीच्या जाळीमागं गेली. चिखलाचा हात लुगड्याला पुसून तिनं चाचपून पाहिलं. गोल होतं. गुळगुळीत, गरम, लिंबाएवढं. चटका बसावा तसा तिनं हात मागं घेतला आणि मग तोच हात पुन्हा पाण्यात घालून संध्याकाळपर्यंत रोपं लावत राहिली.

घरी येऊन आडवी झाली तेव्हा ते आपोआप आत गेलं. भास झाला असेल असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलला आणि ते पुन्हा आलं.

कुणाला सांगावं? आई लहानपणीच गेलेली. कामथडीला माहेरी बाप आणि भाऊ, दोघेही पुरुष. आई नाही म्हणूनच पहिलटकरीण असूनही तिचं बाळंतपण सासरी झालं होतं. सुईण ठकुबाई. दोन दिवस कळा चालल्या होत्या. ठकुबाई पोटावर हात फिरवत म्हणाली होती, "लई मोठं प्वाट हाय गं. जुळं असंल." झाली ती एकच मुलगी. जगननं तिचं नाव सुजाता ठेवलं. ठकुबाईचं बोलणं सगळे विसरले.

साळू विसरली नव्हती. गोल, गुळगुळीत आणि तिथूनच बाहेर येणारी एकच गोष्ट तिला माहीत होती, ती म्हणजे मुलाचं डोकं. दुसरं आत राहिलं होतं. जिवंत होतं की मेलेलं, ते तिला कळत नव्हतं. मेलं असेल तर आपणही कुजून मरणार. जिवंत असेल तर काय, याचा विचार करायचं धाडस तिला होत नव्हतं.

हळूहळू तिला एक गोष्ट कळली. आडवं पडलं की ते आत जातं, वजन उचललं की येतं. हंडा तर चुकवता येत नव्हता, सरपणही नाही. चुकवता येण्यासारखं एकच ओझं होतं, सुजाता. आणि सुजाताला उचललं की ते हटकून यायचं. महिन्याभरात साळूच्या मनानं घेतलं की बाहेरच्या बहिणीला छातीशी धरलं की आतल्याला कळतं, म्हणून ते खाली येतं.

तिनं लेकीला उचलणं सोडलं.

भामाबाई दिवस उगवताच मजुरीला जायची ती दिवे लागताना यायची. दिवसभर सुजाता झोळीत. पाजायच्या वेळी साळू झोळी खाली सोडायची, लेकीला जमिनीवर सरकवून घ्यायची आणि शेजारी आडवी होऊन पाजायची. पोटभर पाजायची, गाणीही म्हणायची, पण कडेवर कधी घ्यायची नाही. मुलगी रडून रडून गप्प व्हायची. पुढं पुढं तिनं रडणंही कमी केलं. छपराच्या वाशांकडं बघत ती तासन्‌तास पडून राहायची.

आठ महिने झाले. शेजारच्या धोंडाबाईची नात सुजाताहून पंधरा दिवसांनी लहान, ती अंगणात बसून भाकरीचा तुकडा चोखत होती. भामाबाईनं सुजाताला तिच्याजवळ बसवलं. सुजाता ओल्या पोत्यासारखी एका अंगावर कलंडली. पुन्हा बसवलं. पुन्हा कलंडली.

"साळे," भामाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ही पोरगी पाठ का धरंना?"

साळूला वाटलं, दोघांचं बळ एकच होतं आणि ते वाटलं गेलंय. अर्धं आत राहिलंय.

त्या आठवड्यात जगन एकदा जेवता जेवता थांबला. "एक इचारू? तू पोरीला कधी घेत न्हाईस. म्या बघतोय. पोरगी झाली म्हणून राग हाय का तुला?"

"न्हाई वो," एवढंच ती म्हणाली. त्यानं अर्धी भाकर तशीच ठेवली, उठला आणि झोळीतून लेकीला काढून बाहेर घेऊन गेला.

भामाबाईनं बौद्ध धर्म घेतला त्या वर्षी घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. तरी एक दिवस ती चुलीकडं बघत पुटपुटली, "कुणा जाणत्याला दाखवावं का पोरीला? देवरुषी..." आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. साळू मात्र गारठली. देवरुष्यानं पोरीकडं बघून आईच्या पोटातलं ओळखलं तर?

फाल्गुनात एका सकाळी तिनं रानातून लाकडाची मोळी आणली. घरी येईपर्यंत ते पुन्हा बाहेर आलं होतं, नेहमीपेक्षा जास्त, मुठीएवढं. ती आडवी झाली. ते आत गेलं नाही. थोड्या वेळानं लघवीला बसली आणि लघवी होईना. कुथली, थांबली, पुन्हा बसली. थेंब नाही. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. भिंतीला धरून ती उभी राहायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. झोळीत सुजाता रडत होती आणि साळूला वाटत होतं, आता ते येतंय. आज येतंय आणि मला घेऊन जातंय.

भामाबाईला त्या दिवशी काम लवकर सुटलं होतं. दारातून आत येताच तिला सून जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली दिसली.

"काय झालं? साळे, बोल की!"

"आत्याबाई, दुसरं येतंय."

"दुसरं काय?"

"पोर. ठकुबाई म्हनली व्हती ना जुळं. ते आत ऱ्हायलंय. डोकं आलंय, बघा तुमी... माझी लघवी बंद झाली. म्या मरते आता, सुजाला तुमी बघा..."

भामाबाईनं आधी दार लावलं. मग खाली बसून सुनेचं लुगडं वर केलं आणि पाहिलं. साळूनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"ह्ये पोराचं डोकं न्हाई," भामाबाई म्हणाली. "ह्ये आंग हाय. आंग बाहेर येतं त्ये ह्ये. माझंबी येतंय."

साळूनं डोळे उघडले.

"जगन झाला तवापास्नं. बावीस वरसं. म्या फडकं बांधती."

"मग तुमी कधी..."

"कुणाला सांगायचं गं? माझ्या सासूनं सांगितलं, बायकांचं असंच असतं, गप ऱ्हा. पड आता उताणी. ढुंगणाखाली गोधडीची घडी घी."

तिनं हात धुतले, बोटांना खोबरेल लावलं. "सोड आंग. ताठ नगं ठिवू. श्वास घी... आता सोड." हळूहळू, तळव्यानं रेटत तिनं ते आत नेलं. साळू दात आवळून कण्हत होती. आत गेल्यावर तिला बसतं करायचीही फुरसत मिळाली नाही. लघवी सुटली ती थांबेचना. गोधडी, जमीन, सासूचे पाय, सगळं भिजलं. साळू ओक्साबोक्शी रडत होती आणि भामाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत "सुटली, सुटली, बाय माझी" एवढंच म्हणत होती.

भीती मात्र गेली नाही, दोघींचीही. भामाबाईची आत्या याच दुखण्यात तापानं गेली होती. ते तिनं साळूला सांगितलं नाही. जगनला सांगितलं, तेही अर्धवट, "बायकांचं हाय, उद्या भोरला न्ह्यायला पायजे" एवढंच. जगन घाबरला आणि म्हणाला, "म्या येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून ते रस्त्यापर्यंत चालत गेले. सुजाता जगनच्या खांद्यावर. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला साळू बाकाची कड घट्ट धरायची. कापूरहोळला उतरून भोरच्या गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, "आत्याबाई, कापतात का वो?"

"मला काय ठावं?" भामाबाई म्हणाली. तिचेही ओठ सुकले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. मध्यमवयीन, चष्म्याच्या, गडबडीतल्या. जगनला त्यांनी बाहेर बसवलं. साळूला तपासताना भामाबाई तिचा हात धरून उभी होती. कोण कुणाचा हात धरून होतं, सांगता आलं नसतं.

"किती दिवस आहे हे?"

साळूनं उलट विचारलं, "बाई, आत दुसरं पोर न्हाई ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजा काढला आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसल्या. "नाही. आत काही राहिलेलं नाही. ही तुझी स्वतःची पिशवी आहे, मूल ज्यात वाढतं ती. ती खालून मांसाच्या झोळीनं पेललेली असते. दोन दिवसांच्या कळांनी ती झोळी ताणली गेली, आणि ती आवळून यायच्या आत तू चिखलात उतरलीस, हंडे उचललेस. म्हणून पिशवी खाली येते. तू मरणार नाहीस."

"आन पोरगी? तिचं बळ..."

"आण तिला."

जगननं सुजाताला आणून दिलं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कपडा पसरला. मुलीचे पाय दाबले, मांड्या फाकवून पाहिल्या, कानामागं टिचकी वाजवली. सुजातानं मान वळवली. बोट पुढं केलं तर तिनं ते गच्च पकडून तोंडात घातलं. मग बाईंनी तिला पालथं केलं. सुजातानं नाक कपड्यात खुपसलं, रडली, आणि मग थरथरत डोकं उचललं. तिघंही श्वास रोखून बघत होते. दोन-तीन क्षण ते वर राहिलं, मग पडलं.

"झोळीत असते दिवसभर?"

साळूनं मान खाली घातली. "म्या उचलत न्हाई तिला. उचललं की येतंय."

कोपऱ्यात उभ्या जगननं चेहरा भिंतीकडं वळवला.

"मूल नीट दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "पाठीला काम मिळालं नाही, म्हणून पाठ कच्ची राहिली. रोज जमिनीवर पालथी ठेवा, थोडा थोडा वेळ. मांडीत टेकवून बसवा. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, मग बघू."

साळूला त्यांनी पिशवी वर पेलून धरणारं रबरी कडं आत बसवलं. ते बसताना ती किंचाळली, पण कापाकापी झाली नाही. मग त्यांनी व्यायाम सांगितला. लघवी मध्येच अडवावी तसं खालचं अंग आत ओढायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दिवसातून तीनदा. हंडा आणि मोळी बंद. आणि लेकीला घ्यायचं ते आधी खाली बसून, तिला अंगाशी धरून, श्वास सोडत, आत ओढत उठायचं.

"आता तुम्ही," त्या भामाबाईला म्हणाल्या.

"म्या? मला काय झालंय? म्या सोबत आली."

"आत्याबाईंचंबी येतंय," साळू म्हणाली. "बावीस वरसं."

भामाबाई दाराकडं सरकली. "नगं गं. माझं झालं आता. परपुरुषासमोर न्हाई, बाईसमोर न्हाई..." साळूनं तिचा हात सोडला नाही. शेवटी पडदा ओढला गेला. आतून भामाबाईचं "आई गं" एकदाच ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दुखतंय का, असं साळूनं विचारलं. भामाबाईनं नकारार्थी मान हलवली.

गावात जगन हंडा खांद्यावर घेऊन पाण्याला जाऊ लागला तेव्हा पाणवठ्यावर बायका हसल्या, पुरुष त्याहून जास्त हसले. तो चार दिवस खाली मान घालून गेला, मग वर मान करून जायला लागला.

साळूची भीती एका दिवसात गेली नाही. सुजाताला उचलायला बसली की तिच्या हातांना घाम फुटायचा. पहिल्यांदा तिनं लेकीला अंगाशी धरलं आणि तशीच बसून राहिली, उठायचं धाडसच होईना. समोर भामाबाई म्हणत होती, "आत वढ. श्वास सोड. आता ऊठ." ती उठली. काही सरकलं नाही. तरी ती लगेच खाली बसली, आणि आडोशाला जाऊन तीनदा तपासून आली.

वैशाखात सुजाता टेकू न देता बसली. दीड वर्षाची होऊन वर महिना झाल्यावर चालली, उशिरा पण नीट. तोवर गावात दुष्काळी काम निघालं होतं. साळूनं मुकादमाला सांगितलं, पाटी वाहणार नाही, बसून खडी फोडीन. कारण विचारलं तेव्हा तिनं ते सगळ्या बायकांसमोर सांगितलं. सांगताना तिचे कान तापले. दुपारी भाकरीच्या वेळी दोघी जणी, वेगवेगळ्या वाटांनी, तिच्याजवळ येऊन बसल्या आणि दोघींनी हळूच तेच विचारलं, "भोरला कुठं दावलंस गं?"