दोनशेतले तीन

लाल दिवा — वाटाण्याएवढा, बोर्डाच्या कोपऱ्यातला — पुन्हा पेटला आणि सुनंदाचं बोट कीबोर्डावर तसंच राहिलं. मघाशी हाच प्रोग्राम, हीच चाचणी, दोनशेच्या दोनशे वेळा हिरवी गेली होती. मध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. आता तीनदा लाल.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यात ती कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेससाठी प्रोग्राम लिहायची. प्रेसचं दार उघडं असेल तर वरचा दट्ट्या खाली येता कामा नये, एवढंच तिला सांभाळायचं होतं. चाचणीत संगणक आपणच खोटं दार उघडायचा, खोटं बटण दाबायचा, दट्ट्या थांबतो का ते बघायचा. तीनदा थांबला नव्हता. मालक शालिग्रामभाऊंनी डोकावून नेहमीचंच सांगितलं — वायर ढिली असेल, पुन्हा चालव, हिरवं आलं की माल पाठवू. पुन्हा चालवलं तर हिरवं येईलही... तिला भीती त्याचीच होती.

कारण चोपड्याच्या जिनिंगमध्ये हाच प्रोग्राम दोन महिने चालू होता. गेल्या खेपेला तिथला झुलालभाऊ, प्रेसवरचा जुना माणूस, रुई झटकता झटकता म्हणाला होता, "ताई, कव्हय कव्हय ते दचकस." यंत्र कधी कधी दचकतं, हे ऐकून ती हसली होती. मी हसले — का हसले मी?

वायरी घट्ट केल्या, तरी लाल. मग बटण दाबल्यावर प्रोग्रामला दार कसं दिसतं, ते पडद्यावर दाखवणारी एक ओळ तिने घातली, आणि लाल दिवा पेटेचना. ओळ काढली — पेटला. आपण बघतो आहोत हे त्याला कळतं की काय... छे. ती ओळ पडद्यावर उमटायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्या क्षणात दार उघडल्याची नोंद होऊन जाते. नाहीतर बटण आधी पोचतं, जुनीच नोंद वाचतं — दार बंद आहे — आणि दट्ट्या सोडून देतं. दोन्ही धावतात, कधी नोंद आधी, कधी बटण.

यावलचा गोठा. नऊ वर्षांची ती कडबाकुट्टीचं पात्यांचं चाक फिरवते आहे, समोर तानुआत्या कडबा सारते आहे, आणि आत्याचं "थांब" कानात शिरतं तेव्हा तिचा हात चाक पुढे ढकलून मोकळा झालेला... सगळे म्हणाले, दोष कुणाचाच नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून आत्याही म्हणाली, "मलेच बोलाले उशीर झाला, माय."

सुनंदाने दाराची नोंद करणारा भाग मुद्दाम सावकाश केला. दोनशेच्या दोनशे लाल. चूक हातात सापडली तरी बरं वाटलं नाही. मग बदल केला — बटणाने नोंद वाचायची नाही, खुद्द दाराला विचारायचं, आणि विचारणं नि दट्ट्या सोडणं यांच्यामध्ये दुसऱ्या कुठल्याही कामाला शिरू द्यायचं नाही. नोंदीचा भाग तेवढाच सावकाश ठेवून चाचणी चालवली. सगळं हिरवं. आणखी पाच वेळा. हिरवं.

शालिग्रामभाऊ खूश झाले. ती मात्र त्यांना न विचारता त्यांच्या टेबलावरच्या फोनपाशी गेली आणि चोपड्याचा नंबर फिरवू लागली. भाऊ म्हणाले, गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायची काय गरज, गुपचूप प्रोग्रामची चिप बदलून येऊ सोमवारी. ती फिरवत राहिली.

फोन जिनिंगच्या मुनीमजींनी उचलला. प्रेस चालू आहे, म्हणाले. झुलाल गाठी काढतो आहे.

"बंद करा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. चूक माझी आहे."

रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज, लांब जाणाऱ्या चपला. मग दट्ट्याचा आवाज — धप्प. मध्ये शांतता. धप्प. दोष कुणाचाच नाही, असं आता कुणी म्हणायला नको होतं तिला. भाऊ काहीतरी विचारत होते, तिला ऐकू येत नव्हतं. पुन्हा धप्प. मग शांतता, नेहमीएवढी, मग त्याहून लांब, आणि ती यंत्र थांबल्याची की आणखी कशाची, ते ओळखू येईना, तरी रिसीव्हरवरचा कान तसूभर हलवावासा वाटेना...