जमिनीने पाहिलेला बचाव

मी एक जुनी जमीन आहे. लाकडी, बास्केटबॉलच्या हॉलची. मित्रांनो, जमिनीने गप्प पडून राहावे अशी पद्धत आहे आणि मी ती सत्तावीस वर्षे पाळली. आज पाळणार नाही. एका मुलीच्या खेळाबद्दल या हॉलमध्ये जे काही बोलले गेले, ते बोलणारे सगळे खुर्च्यांवर बसले होते. ती मुलगी मात्र माझ्यावर उभी होती. तेव्हा माझेही दोन शब्द ऐकून घ्या.

माझा जन्म डोंगरातल्या झाडांपासून झाला. वखारीत फळ्या कापल्या गेल्या, वर्षभर सावलीत वाळल्या. मग सुतारमामा आले. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवत त्यांनी मला भिंतीपासून भिंतीपर्यंत जोडले. तीन हात रोगण झाले. माझ्यावरून पहिल्यांदा चालले तेही मामाच, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे म्हणाले, "आरसाच आहे हो." मी फुलून गेले. लाकूड फुगले की काय होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते नंतर कळले. सोळाव्या वर्षी छत गळू लागले. गळतीखाली कुणीतरी बादली ठेवली आणि ती रिकामी करायची जबाबदारी सगळ्यांची म्हणून कुणाचीच राहिली नाही. उजव्या बास्केटच्या डाव्या कोपऱ्यात पाणी मुरले. खालचा आडवा वासा कुजला. त्या जागी चेंडू आपटला की धड वर येईना, गुडघ्यापर्यंत येऊन बसे. खेळाडू तिला बहिरी जागा म्हणू लागले. अर्ज झाले, पाहणी झाली, पुन्हा अर्ज झाले. माझ्यावर सभा भरल्या, लोखंडी खुर्च्या फरफटल्या. अकरा वर्षे माझी ती जागा तशीच राहिली.

याच काळात ती आली. इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. दिवसभर गरम रोलरमधून चादरी काढायच्या, घड्या घालायच्या, आणि सहा वाजता सरावाला हजर. अंगाने बारीक, उंचीने बेताची. समोरच्या खेळाडूला एकदा धरले की सोडत नसे, म्हणून तिचे नाव गोचीड पडले. तिला ते आवडत नव्हते, पण तिने ते कधी नाकारलेही नाही.

तिच्याबरोबर तिची धाकटी चुलत बहीण येत असे. एकाच घरात वाढलेल्या, एकाच डब्यातून जेवणाऱ्या दोघी. धाकटीचे नाव झडप. समोरून पास निघाला की ही वाऱ्यासारखी मध्ये घुसे आणि चेंडू पळवून नेई. सामन्यात चार-पाच वेळा तरी हे घडे. टाळ्या, शिट्ट्या. एरवी घड्याळाकडे बघणारी माणसेसुद्धा खुर्चीत पुढे सरकत.

आता माझे ऐका. माणूस हातांकडे बघतो. मला हात दिसत नाहीत, मला पाय कळतात. चांगला बचाव करणाऱ्याची टाच माझ्यावर क्वचितच टेकते. त्याचे पाय एकमेकांना ओलांडत नाहीत, खेकड्यासारखे बाजूबाजूने सरकतात. गोचिडीचे पाय असे होते. समोरची मुलगी वळायचे ठरवी, तिचा अंगठा माझ्यावर दाबला जाई, आणि ती वळण्याआधीच गोचिडीचे पाऊल त्या वाटेत येऊन ठेपलेले असे. मग ती मुलगी थांबे. चेंडू दुसरीकडे देई. फेक नाही, चोरी नाही, काहीच नाही. लोकांना वाटे, खेळ जरा रेंगाळला.

आणि झडप उडी घेई तेव्हा तिचे दोन्ही पाय हवेत असत. चेंडू मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तिच्या मागे सताड उघडी वाट. त्या वाटेत दर वेळी दुसरे दोन पाय धावत येऊन उभे राहत. ते कुणाचे, हे वर बसलेल्या कुणी कधी पाहिले नाही.

बघणाऱ्या फक्त गणिताच्या बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, जाड चष्म्याच्या. क्लबच्या सामन्यांचे कागद त्या भरायच्या. कागदावर रकाने ठरलेले होते: गुण, पास, चोरी, अडवलेल्या फेकी. एका संध्याकाळी त्यांनी गोचिडीला टेबलापाशी बोलावले.

"तुझ्या ओळीत सगळीकडे भोपळे आहेत," बाई म्हणाल्या. "आणि तू असलीस की आपण हरत नाही. माझं कुठंतरी चुकतंय."

"तुमचं नाही चुकत बाई. मी काही करतच नाही. समोरचीला करू देत नाही, एवढंच."

बाईंनी त्या दिवसापासून आपल्या वहीत वेगळी नोंद सुरू केली. गोचिडीसमोर जी उभी राहील तिच्याकडे चेंडू किती वेळा आला, तिने किती फेकले, किती वेळा न फेकताच परत दिला. नुसती फेक चुकली म्हणून त्या खूश होत नसत. "एखादीचा हातच त्या दिवशी थंड असतो," असे म्हणत. "चुकली का, यापेक्षा तिला कुठून फेकावं लागलं ते मला बघायचंय."

मग विभागाच्या संघाची निवड आली. अकरा नावे झाली होती, एक जागा उरली होती. निवड समितीचे साहेब कागद घेऊन आले. झडपेच्या ओळीवर त्यांनी 'ही' म्हणून बोट ठेवले आणि गोचिडीची ओळ सोडून दिली. बाईंनी आपली वही पुढे केली.

साहेबांनी ती वाचली, आणि मान्य करायला हवे, नीट वाचली. मग म्हणाले, "बाई, जे घडलंच नाही त्याची नोंद तुम्ही ठेवलीत. कौतुक आहे. पण या मुलीचं गुपित मला माहीत आहे. ती सगळ्यांना त्या बहिऱ्या जागेकडे ढकलते. तिथं चेंडू मरतो. ही घरच्या जमिनीची करामत झाली, बचाव नव्हे."

मी, बावीस हजार पट्ट्यांची जमीन, रागाने तडकले असते. अकरा वर्षे माझी जखम कुणाला दिसली नाही. आता दिसली, ती एका मुलीचे श्रेय काढून घेण्यासाठी.

गोचीड फडक्याने माझ्यावरचा घाम पुसत होती. हॉल पुसायची पाळी सगळ्या मुलींना असे. बाकीच्या चुकवत, ती चुकवत नसे. ती उठून उभी राहिली.

"खरं आहे साहेब. ढकलते मी तिकडे. चार वर्षं ही जमीन पुसतेय, कुठं काय आहे ते मला पाठ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी पुसून बघावी."

"मग कबूल आहे तुला?"

"ती जागा दुरुस्त करून घ्या. मग मला खेळवा. आणि समोर शिडीला ठेवा."

शिडी म्हणजे शेजारच्या क्लबची सर्वांत उंच खेळाडू. विभागाची कप्तान ती आधीच ठरलेली होती. तिला थांबवणे कुणाला जमले नव्हते. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण मला कागदावर काहीतरी दिसू दे. चार चोऱ्या दाखव, नाव लिहितो."

घरी जाण्याआधी दोघी बहिणी माझ्यावरच बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. झडप हळूच म्हणाली, "ताई, मार की दोन-चार उड्या. तुला येत नाहीत असं थोडंच आहे?"

"येतात. आणि हुकले तर? तू हुकतेस तेव्हा मागे मी असते. मी हुकले तर मागे कोण आहे?"

"एका दिवसापुरतं गं."

"एका दिवसापुरतं तरी वाईट का खेळायचं? आणि तुलाच हवी आहे ना ती जागा?"

"हवी आहे," झडप म्हणाली. "पण अशी मिळालेली नको."

तिसऱ्या दिवशी सुतारमामा आले. मिशा पांढऱ्या झालेल्या, गुडघे टेकताना कण्हत. त्यांनी माझ्या सात पट्ट्या उचकटल्या, कुजलेला वासा काढला. "किती दिवस सोसलंस गं," ते पुटपुटले. नवा वासा घातला, पट्ट्या ठोकून बसवल्या, चेंडू आपटून पाहिला. छातीपर्यंत उसळला. मला बरे वाटले आणि त्याच क्षणी वाईटही वाटले. तिच्या हातातले एक हत्यार माझ्यामुळे गेले होते.

चाचणी सामना रविवारी सकाळी झाला. पहिली दहा मिनिटे शिडीसमोर झडप. पोरगी जिवाच्या करारावर खेळली. तीन वेळा चेंडू पळवला, हॉल दणाणून गेला. पण जितक्या वेळा ती हुकली तितक्या वेळा शिडी मोकळ्या वाटेने आत शिरली, कारण आज मागे धावून येणारे पाय बाकावर बसले होते. शिडीचे गुण झाले चौदा.

मग गोचीड उतरली. पहिल्याच वेळी शिडी डावीकडे वळली, आणि तिथे ते पाऊल आधीच होते. उजवीकडे वळली, तिथेही. गोचिडीने तिला कोपऱ्यात नेले, माझ्या नव्या पट्ट्यांवर, जिथे चेंडू आता छान उसळत होता. तरी शिडीला तिथून वाट सापडेना. तिने चेंडू परत दिला. चार-पाच वेळा असे झाल्यावर तिच्या मैत्रिणींनी तिच्याकडे बघणेच सोडले. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. काही घडतच नव्हते.

शेवटच्या मिनिटाला एक क्षण आला. शिडीकडे आळशी पास निघाला, हाताच्या अंतरावरून. उडी मारली असती तर कदाचित मिळाला असता. गोचिडीचा अंगठा माझ्यावर दाबला गेला, पिंढरी ताठरली. साहेब खुर्चीत पुढे झुकले. मी श्वास रोखला म्हणावे, तर जमिनीला श्वास कुठला. तिने उडी मारली नाही. ती अर्धे पाऊल मागे सरकली आणि शिडी व बास्केट यांच्या मध्ये उभी राहिली. शिडीने लांबून फेकले. चेंडू बास्केटच्या कड्याला लागून बाहेर गेला.

साहेबांनी कागद पाहिला. "चोरी शून्य. अडवलेल्या फेकी शून्य. शिडीचे गुण चार, हे खरं. पण ती दमली असेल. दुसरी दहा मिनिटं आहेत ही."

"असेल," बाई म्हणाल्या. "शंका रास्त आहे. म्हणून तपासून घ्या. पुन्हा झडपेला ठेवा. दमलेल्या शिडीसमोर."

साहेबांना नाही म्हणता येईना. तिसऱ्या दहा मिनिटांत झडपेने आणखी दोन चोऱ्या केल्या आणि दमलेल्या शिडीने अकरा गुण केले.

शिडी टॉवेलने मान पुसत टेबलापाशी आली. साहेबांनी तिलाच विचारले, "कप्तान तू आहेस. कोण हवी?"

शिडीने दोघींकडे पाहिले. "झडप चांगली आहे, साहेब. तिच्यासमोर खेळायला मजा येते." मग तिने गोचिडीकडे मान वळवली. "हिच्यासमोर मला पुन्हा खेळायचं नाही. आपल्याकडे घ्या हिला, म्हणजे तो ताप दुसऱ्यांना होईल."

साहेबांनी नाव लिहिले. निवडीचे कारण लिहायचा रकाना आला, तिथे त्यांचे पेन अडले. त्यांनी बाईंची वही मागून घेतली आणि त्यातले आकडे एकेक करून उतरवले. कागदाच्या समासात रेघा मारून त्यांना नवीन रकाना पाडावा लागला.

झडप बाकावर पाठमोरी बसली होती. गोचीड तिच्या शेजारी जाऊन बसली. मग झडपेने नाक पुसले आणि म्हणाली, "घरी काकूला तूच सांग. मी रडेन."

"सांगते."

"आणि उद्यापासून मला ते पाय शिकव."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता माझ्यावर पायांच्या दोन जोड्या सरकू लागल्या. धाकटीची टाच दर तिसऱ्या पावलाला टेकत होती. ताई दर वेळी एकच शब्द म्हणत होती, "पुन्हा."

मित्रांनो, मला उखडून प्लास्टिकची जमीन घालायचे घाटते आहे असे ऐकते. घालायची तर घाला, मी हात जोडणार नाही. पण असेन तोवर माझ्यावर पाणी सांडले तर लगेच पुसा, खुर्च्या उचलून न्या, छत गळले तर छत दुरुस्त करा. आणि खेळ बघायला याल तेव्हा सगळी माणसे चेंडूकडे बघत असताना तुम्ही थोडा वेळ खाली बघा. कुणाचे पाय आधी पोचतात ते मोजा. कागदात त्यासाठी रकाना नसेल तर साहेबांसारखी समासात रेघ मारा.