सत्यभामाबाईचा खांदा

पोटचा पोर इंद्रभान गेल्यापासून सत्यभामाबाईचा उजवा खांदा कानाकडे चढला होता, तो उतरलाच नाही. मोताळ्याजवळ तिचं आणि नवऱ्याचं, उकंडरावांचं, भाजीपाल्याचं वावर होतं. तिला आता खुरपं धरवत नव्हतं, छातीभर श्वास घेता येत नव्हता. तेल चोळून झालं, शेकून झालं, फोटो काढला तर हाडं धड निघाली. शेवटी मोताळ्याच्या डॉक्टरांनी बुलढाण्याच्या विमलबाईंचं नाव सांगितलं. मनाच्या दुखण्याच्या डॉक्टर, नागपूरहून नुकत्याच आलेल्या.

"मी काय येडी आहो?" सत्यभामाबाई म्हणाली.

"येडी कायले? खांदा दाखवून येऊ," उकंडराव म्हणाले.

बस घाट चढून बुलढाण्याला पोचली. उकंडराव बाहेर ओट्यावर बसले. आत ना सुई होती, ना बाटल्या. नुसत्या दोन खुर्च्या आणि सतरंजी.

"माझ्याकडे औषध नाही," विमलबाई म्हणाल्या. "अंगात काय होतंय, ते आपण दोघी सावकाश बघू. डोळे मिटा, नाहीतर उघडे ठेवा. नको वाटलं तर थांबा म्हणायचं, मी थांबेन. पहिल्या पहिल्यांदा जास्तच दुखल्यासारखं होईल, हे आधीच सांगून ठेवते."

"पोराचं काय झालं ते सांगू?"

"आज नाही सांगितलं तरी चालेल. पाय जमिनीला टेकलेत का?"

सत्यभामाबाईला हसू आलं. एवढ्यासाठी घाट चढून आलो? पण तिनं तळव्यांकडे ध्यान दिलं, तर फरशी गार लागली. कितीतरी महिन्यांत तिला काही गार लागलं नव्हतं. त्या दिवशी बाकी काहीच झालं नाही.

पुढच्या खेपांना त्या श्वासाकडे वळल्या, मग खांद्याकडे.

"त्याला काय करावंसं वाटतंय?" विमलबाईंनी विचारलं.

"वरच राहावं वाटते."

"मग राहू द्या. ओढून खाली आणायचं नाही. मी कोपराखाली हात धरू का?"

"हाव."

विमलबाईंनी कोपर अलगद तोललं. सत्यभामाबाईनं हाताचा भार हळूहळू त्यांच्या तळव्यावर सोडला.

"जड आहे बाई. लेकरू झोपल्यावर जड होते ना, तसं."

आणि ती आपणच बोलू लागली. पावसानं रस्ता बंद होता, बस नव्हती. तापानं फणफणलेल्या सहा वर्षांच्या इंद्रभानला खांद्यावर घेऊन ती मोताळ्याच्या दवाखान्याकडे चालली होती. उकंडराव पुढं चिखलात वाट शोधत होते.

"नाल्यापाशीच तो थंडा पडला. मले समजलं होतं. तरी चालत राह्यली. खाली ठेवलं असतं, तं गेला असता ना तो."

बोलता बोलता खांदा जरासा खाली आला. तसा तिनं डाव्या हातानं तो घट्ट धरला.

"नको! हा उतरला तं माह्यापाशी काय राह्यलं त्याचं?"

विमलबाईंनी कोपराखालचा हात काढला नाही. सत्यभामाबाई रडून शांत होईस्तोवर त्या तशाच बसल्या.

बस स्टँडवर तिनं उकंडरावांना सगळं सांगितलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "नाला उतरल्यावर मी मांगं वळून पाह्यलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू त्याच्या पाठीवरून हात फिरवून राह्यली होती. कोन्या तोंडानं सांगू तुले?"

त्यांनी पागोट्याच्या टोकानं डोळे झाकले. मोताळ्याची बस आली, भरली आणि निघून गेली. दोघंही उठली नाहीत.

हिवाळाभर ती बुलढाण्याला जात राहिली. खांदा पुष्कळ उतरला, पण सरळ कधीच झाला नाही. खुरपं धरता येऊ लागलं. कधी मेथीच्या वाफ्यात तिचा हात थांबायचा आणि तिला रडू यायचं. उकंडराव पाणी सोडायचं थांबवून जवळ येऊन बसायचे. समजूत घालायचे नाहीत. इंद्रभान काय काय बोलायचा, ते दोघं एकमेकांना सांगत बसायची.