ब्रेक नाय, ब्रेक नाय!

मुंबईत सायकलची घंटी कोणी ऐकत नाही, हे मी चाळीस वर्षं पायडल मारून सांगतोय. चालणाऱ्यांच्या कानांत बोळे, टॅक्सीवाल्यांच्या काचा वर. ज्याला चुकून ऐकू येतं, तो आधी वळून आपलं तोंड बघतो, मग कोण हा दीडशहाणा असा चेहरा करतो आणि मग सरकतो. तोवर आपला पाय जमिनीला टेकलेला असतो. म्हणून मी घंटी वाजवायची सोडली आणि ओरडायला लागलो. डोक्यावर कापडाचा गठ्ठा असला तरी हमाल ‘गरम पानी, गरम पानी’ करत गर्दीतून वाट काढतातच ना? तसंच हे. माझी आरोळी होती, ‘ब्रेक नाय, ब्रेक नाय!’

ब्रेक झकास होते. पण ती आरोळी ऐकून भलेभले टुणकन उडी मारायचे आणि मला मजा यायची. खोटं कशाला सांगू?

मी धोंडू सावंत, वय एकसष्ट. डिलाईल रोडला चाळीत राहतो आणि लालबागच्या एका मसालेवाल्याचा माल घरोघरी पोचवतो. रोज करी रोडचा पूल चालत चढायचा आणि पलीकडे सायकलवर बसून भारतमाता थिएटरच्या सिग्नलकडे सुसाट उतरायचं. उताराच्या शेवटी सुभद्राबाई फुलं विकायला बसते. ती मान खाली घालून हार ओवत असते आणि मी ओरडत गेलो की वर न बघताच म्हणते, ‘आले खोटारडे.’ हळूहळू सगळा उतारच मला ओळखायला लागला. लोक उड्या मारेनासे झाले. हसायचे, वीतभर सरकायचे. तेवढी जागा मला पुरायची.

माझी सून सीमा मात्र चिडायची. ‘बाबा, घंटी आहे ना? ती वाजवा. आणि श्रेया पुढे बसलेली असताना तरी हळू जा.’ श्रेया म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. पुढच्या दांड्यावर तिच्यासाठी मी छोटी सीट बसवून घेतली होती. मी हो हो म्हणायचो आणि पुलावर गेलो की आम्ही दोघं मिळून ओरडायचो.

दसऱ्याला आमच्याकडे सायकलची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू. यंदा श्रेया म्हणाली, ‘आजोबा, सायकल मी चमकवणार, तुम्ही बघायचं पण नाही.’ सकाळी बघतो तर चाकांच्या रिंगा आरशासारख्या लखलखत होत्या. मी तिची पाठ थोपटली, नारळ फोडला, हँडलला झेंडूचा दुपदरी हार घातला. घंटी त्याखाली गडप झाली. तिला कोण विचारतो?

दहाच्या सुमाराला आम्ही काळाचौकीला माझ्या मुलीकडे सोनं द्यायला निघालो. श्रेयाने नवा परकर घातला होता आणि आपट्याची पानं मांडीवर धरली होती. पुलापर्यंत आणि पुलाच्या चढावर मी सायकल हातानेच ढकलत नेली, त्यामुळे ब्रेक दाबायची वेळच आली नाही. माथ्यावर मी बसलो, एक पायडल मारलं आणि सवयीने दोन्ही ब्रेक दाबून बघितले.

सायकल थांबली नाही. हळूही झाली नाही.

मुठी आवळून पुन्हा दाबले. ब्रेकचं रबर रिंगवरून गुळगुळीत सरकत होतं. पाय जमिनीला लावला तर नवी चप्पल निसटून मागे राहिली. खाली दसऱ्याची गर्दी, तोरणं घेतलेल्या बायका, हातगाड्या. त्यापलीकडे मोठा रस्ता, आणि त्यावरून एकामागून एक बसेस वळत होत्या.

‘ब्रेक नाय!’ मी ओरडलो. ‘ब्रेक नाय, बाजूला व्हा!’

समोरचा एक जण हसला. ‘काका, आज पण ड्यूटी?’ म्हणाला आणि वीतभर सरकला. हँडल त्याच्या पिशवीला घासून गेलं.

‘खरंच ब्रेक नाय! शपथ!’

‘ब्रेक नाय, ब्रेक नाय!’ पुढून श्रेया दोन्ही हात वर करून खिदळत ओरडली. तिला तो रोजचाच खेळ वाटला. आता तर आमच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? एका बाईने आपल्या मुलाला आमच्याकडे बोट दाखवून हसवलं. मी हार बाजूला ओढून घंटी शोधायला गेलो, तर सायकल डगमगली आणि श्रेया किंचाळली. मी पुन्हा दोन्ही हातांनी हँडल धरलं. मुद्दाम पडावं, तर आधी पोर खाली, तिच्यावर मी आणि सायकल. फुटपाथवर घालावी, तर तिथे माणसंच माणसं. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती. मी मरेन याची नाही, मी तिला मारेन याची.

मग माझा आवाजच गेला. तोंड उघडं, पण घशातून काही फुटेना. श्रेयाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि तीही गप्प झाली. नुसती चेनची खडखड ऐकू येत होती.

खाली सुभद्राबाईने मान वर केली.

तिने एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. मांडीवरचा हार फेकून ती उठली, झेंडूच्या दोन भरलेल्या गोणी फरफटत रस्त्यात ओढल्या आणि ओरडली, ‘अरे सरका! म्हाताऱ्याचा ब्रेक गेलाय!’ तिच्या ओरडण्याने माणसं दोन्ही बाजूंना पळाली. मी चाक गोणींवर घातलं.

डोळे उघडले तेव्हा मी रस्त्यावर आडवा होतो आणि समोरून बस गेल्याचा वारा तोंडावर लागला. श्रेया फुटलेल्या गोणीवर पडली होती. गुडघा सोललेला, ओठातून रक्त, पण रडत होती. तिचं रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी रांगत जाऊन तिला कवटाळलं.

सुभद्राबाई धापा टाकत होती. ‘काका, रोज इकडे पोचेपर्यंत बोंबलत असता. आज मध्येच गप्प झालात, म्हणून बघितलं. ओरडत राहिला असतात ना, तर मी मानही वर केली नसती.’

सायकल उभी करायला रिंगला हात लावला तर बोटं तुळतुळीत. वास घेतला. खोबरेल तेल. रोज सकाळी सीमा श्रेयाच्या वेण्यांना लावते, तेच. म्हणून रिंगा चमकत होत्या!

श्रेया माझ्या बोटांकडे बघत होती. तिचं रडणं थांबलं.

‘आजोबा, मी तेल लावलं म्हणून झालं?’

‘छे गो बाय. तेलाने काय होतंय? ब्रेकच जुने झाले होते.’

‘खरंच?’

‘खरंच. शपथ.’

तिने अगदी हळू विचारलं, ‘मगाशी तुम्ही ओरडत होतात तसं खरं, की रोजच्यासारखं?’

मी तेलकट बोटं मुठीत लपवली. ती चाकाजवळ उकिडवी बसली आणि आपल्या नव्या परकराच्या टोकाने रिंगवरचं तेल पुसायला लागली.