एकशे बारावी फेरी

रविवारी चर्च सुटून तास झाला असेल, तेव्हा व्हर्लन स्टेमीची पिकअप दारात येऊन थांबली. लोवेल टीगने ती पाहिली आणि खिडकीचा पडदा सोडला. मग, पडदा सोडताना त्याने आपल्याला नक्की पाहिलं असणार, असं वाटून तो पुन्हा वर केला.

अठ्ठेचाळीस वर्षांत हा माणूस या घराची पायरी चढला नव्हता. गावात समोरासमोर आले तर दोघं मान हलवायचे, तेवढंच. हॉइट प्रुएटला मार्च महिन्यात पुरलं, तेव्हा व्हर्लन शेवटच्या बाकावर बसला होता आणि कोणाशी न बोलता निघून गेला होता. आणि आज, पुढच्या शनिवारी हॉइटच्या नावाने ट्रॅकवर मोटारींची शर्यत ठेवलेली असताना, हा ओली कागदी पिशवी हातात धरून पायऱ्या चढत होता. काही काम असल्याशिवाय येणार नाही, लोवेलने मनाशी म्हटलं. आणि काम काय असणार तेही त्याला ठाऊक होतं.

"शेंगा आणल्यात उकडलेल्या," व्हर्लन म्हणाला. "गरम आहेत अजून."

"बसा," लोवेल म्हणाला. "तुम्ही कसे काय इकडे?"

"तुम्ही? मी काय पाद्री आहे?" व्हर्लन ओसरीवरच्या खुर्चीत बसला. ऐंशी वर्षांचं ते अवजड शरीर खुर्चीत बसवायला त्याला बराच वेळ लागला. "आपण एका वर्गात होतो मास्तर. दोन वर्षं मी मागे राहिलो म्हणून का होईना."

लोवेल शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होता, म्हणून गावाने त्याला मास्तर करून टाकलं होतं. त्याने आतून गोड चहाचे दोन ग्लास आणले. आणताना लिहिण्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. शर्यतीचं ते जुनं कार्ड तिथे होतं, नकाशांच्या मोठ्या पुस्तकात.

दोघांनी शेंगा सोलल्या. व्हर्लनने हवेबद्दल बोलून घेतलं, गुडघ्याबद्दल बोलून घेतलं. लोवेल वाट बघत होता.

"ट्रॅकवरची ती नवी बाई," व्हर्लन शेवटी म्हणाला. "केंड्रा. फाटकाशी काचेचं कपाट करतेय म्हणे. हॉइटचं हेल्मेट, हातमोजे, असलं. तुझ्याकडे काही मागितलं का तिने?"

"मागितलंय."

"शहात्तरचं कार्ड?"

लोवेलने हातातली शेंग खाली ठेवली. "असेल कुठेतरी. शोधायला हवं."

"तू?" व्हर्लन हसला. "तू कधी काही शोधलंयस? तुझ्याकडे पहिलीतल्या पोरांची हजेरीसुद्धा वर्णक्रमाने लावलेली असेल."

लोवेलने चहाचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

त्या काळी गाड्यांत यंत्रं नव्हती. कोणी किती फेऱ्या मारल्या हे माणसं मोजायची. ट्रॅकच्या रेषेसमोर एक लाकडी मचाण होतं आणि तिथे प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा बसे. समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि कार्डावर पुढच्या ओळीत वेळ लिहायची. दोनशे फेऱ्या, दोनशे ओळी. बहुतेक वेळा ड्रायव्हरांच्या बायकाच हे काम करत. हॉइटच्या बायकोला शर्यत बघवत नसे, म्हणून हॉइटने लोवेलला धरून आणलं होतं. "तू पुस्तकांना नंबर लावतोस ना," तो म्हणाला होता, "मग मला लाव." एकोणीस वर्षं लोवेल त्या मचाणावर बायकांच्या रांगेत बसला. त्याला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. हॉइट त्याच्याजवळ तासन्‌तास इंजिनाबद्दल बोले आणि लोवेल ऐके. एखाद्या माणसाला एखादी गोष्ट इतकी आवडते हे बघायला त्याला आवडे.

शहात्तर सालची कामगार दिनाची दोनशे फेऱ्यांची शर्यत हॉइटने जिंकली. आयुष्यात तेवढीच एक मोठी शर्यत. व्हर्लन दुसरा आला, आणि शर्यत संपताक्षणी त्याने हरकत घेतली की हॉइटच्या एकशे नव्व्याण्णवच फेऱ्या झाल्या आहेत. कार्डं तपासली. लोवेलच्या कार्डावर दोनशे ओळी भरलेल्या होत्या. तरी व्हर्लन ऐकेना. आणि मग अर्ध्या तासाने त्याने स्वतःहून हरकत मागे घेतली आणि कार्डाच्या तळाशी तशी सही केली.

का घेतली, हे लोवेलला कधीच कळलं नव्हतं. याने काहीतरी राखून ठेवलं आहे, असं त्याला तेव्हापासून वाटत होतं. कारण एकशे बारावी ओळ खोटी होती.

दुसऱ्या वळणावर तीन गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या. धोक्याचा पिवळा झेंडा दाखवला गेला, काळा धूर आणि लाल माती मचाणापर्यंत आली. लोवेलने चष्मा पुसायला काढला. चष्मा पुन्हा लावला तेव्हा हॉइटची गाडी रेषेवरून जात होती, आणि कार्डाकडे बघतो तर मधली वेळ बरीच लांबली होती. एवढ्या वेळात गाडी आणखी एकदा जाऊन गेली असणार. आपल्याला दिसली नाही. त्याने मागच्या वेळेत बावीस सेकंद मिळवून एकशे बारा भरली आणि आत्ताची वेळ एकशे तेराव्या ओळीत लिहिली. बावीस, कारण शर्यत सुरू झाल्यापासून प्रत्येक फेरीला बावीस सेकंद मिळवायची हाताला सवय झाली होती. पिवळ्या झेंड्याखाली गाड्या रांगेने हळू जातात, फेरीला बेचाळीस सेकंद लागतात, हे घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दोन फेऱ्यांची मिळून वेळ बरोबर होती. पंच्याऐंशी सेकंद. तेवढ्यात दोन हळू फेऱ्या होऊ शकतात. किंवा एकच होऊ शकते, जर गाडी मध्येच कुठे थांबली असेल तर. पण हॉइट कशाला थांबेल? लोवेलने हे गणित इतक्या वेळा केलं होतं की आकडे आता पाठ होते, आणि दर वेळी उत्तर तेच येई: सांगता येत नाही.

हॉइटला त्याने विचारलं नाही. हॉइटनेही कधी विषय काढला नाही. मात्र त्या वर्षापासून दर नाताळला हॉइट एक मोठं खारवलेलं डुकराचं तंगडं घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "राहू दे." लोवेल एकटा माणूस, एवढं मांस खाणार कोण? अर्धं चर्चला जायचं. हे कशाबद्दल, असा विचार त्याच्या मनात येई. तोंड बंद ठेवण्याबद्दल तर नाही? आणि मग आपल्या जिवलग मित्राबद्दल असा विचार केल्याची लाज वाटे, आणि पुढच्या नाताळला तोच विचार पुन्हा येई.

"मला ते कार्ड बघायचंय," व्हर्लन म्हणाला.

"कशाला?"

"बघायचंय."

"पाटी रंगवायला दिली आहे," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चिरका वाटला. "हॉइटचं नाव आहे त्यावर. शहात्तरचा विजेता म्हणून. तो गेलाय आता. त्याच्या बायकोला शनिवारी तिथे पुढच्या रांगेत बसवणार आहेत. आता तुला काय करायचंय त्या कार्डाचं?"

व्हर्लनने टरफलं हातातल्या हातात चुरली. "मला ते कपाटात नको आहे."

हे लोवेलने गृहीत धरलेलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला ते अधिक खटकलं.

"काचेमागे ठेवलं की लोक वाचणार," व्हर्लन म्हणाला. "शनिवारी तिथे किमान दहा म्हाताऱ्या असतील ज्यांनी आयुष्यभर कार्डं भरली. पिवळ्या झेंड्यात बावीस सेकंद. त्यांना काय, चष्म्याशिवाय दिसेल."

"तुला माहीत होतं."

"त्याच दिवशी. हरकत घेतली तेव्हा मला कार्ड दाखवलं ना. मी बोट ठेवून सांगणारच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रेक्सने निरोप पाठवला." रेक्स म्हणजे व्हर्लनचा धाकटा भाऊ. त्या अपघातातल्या तीन गाड्यांपैकी एक त्याची होती, आणि त्याचे पाय भाजले होते. "दवाखान्यात नेताना त्याने आमच्या मेकॅनिकला धरून सांगितलं. धुरात तो सीटचा पट्टा सोडवत होता आणि मागून गाड्या येत होत्या. हॉइटने आपली गाडी त्याच्या मागे आडवी लावली. नाक आतल्या गवताकडे करून. एक जण येऊन हॉइटला आदळलासुद्धा. रेक्स बाहेर पडून कुंपणापाशी जाईपर्यंत हॉइट तिथे थांबला. मग गेला."

"कोणी बघितलं नाही?"

"धूर होता. जो आदळला त्याला वाटलं, हॉइटची गाडीच गरकन फिरली. हॉइट बोलला नाही. मग मी कशाला बोलू?"

लोवेलला हे सगळं फार सोयीचं वाटलं. हॉइट मेला. रेक्स फ्लोरिडात चार वर्षांपूर्वी वारला. साक्षीदार कोणी उरला नव्हता, आणि गोष्ट ऐकायला इतकी चांगली की डोळे भरून यावेत. डोळे भरलेला माणूस कार्ड काढून देतो. मग ते कुठे जाईल कोण जाणे.

"एक जण आदळला म्हणतोस," लोवेलने सहज विचारल्यासारखं विचारलं. "गाडीला लागलं असेल मग."

"लागणारच."

"कुठे?"

व्हर्लनने त्याच्याकडे बघितलं. आपली परीक्षा चालली आहे हे त्याला कळलं, आणि त्याला त्याची गंमत वाटली असावी. "डावीकडे. त्याच्या दाराच्या मागे. तुझ्याकडे फोटो असेल, जाऊन बघ. मी शेंगा संपवत नाही तोवर."

फोटो लिहिण्याच्या खोलीत भिंतीवरच होता. हॉइट गाडीवर टेकलेला, हातात करंडक, तोंड मातीने लाल, फक्त डोळ्यांभोवतीची चष्म्याची जागा पांढरी. त्याच्या कोपरामागे पत्रा आत गेलेला. लोवेलने अठ्ठेचाळीस वर्षं रोज हा फोटो पाहिला होता. हा खड्डा कसला, असं एकदा विचारलं होतं तेव्हा हॉइट म्हणाला होता, भिंतीला घासली.

भिंतीला. या ट्रॅकवर गाड्या जन्मभर डावीकडेच वळतात. भिंत असते ती उजवीकडे. खड्डा डाव्या बाजूला होता.

हे गावातल्या कुठल्याही पोराने बघताक्षणी सांगितलं असतं. फक्त ते पोर एकोणीस वर्षं कार्डात डोकं घालून बसलेलं नसतं.

लोवेल नकाशांचं पुस्तक तसंच उचलून बाहेर आला.

"एवढं मोठं पुस्तक," व्हर्लन म्हणाला. "कार्डाला ओझं झालं असेल."

"हॉइटला माहीत होतं? की फेरी कमी आहे?"

"फेरी कमी पडली हे ड्रायव्हरला माहीत नसेल? त्याला वाटलं, तू दिलीस. मलाही तेच वाटलं. मचाणावरून तुला दिसलं असणार, आणि तू ठरवलंस की हे त्याचंच आहे. म्हणून तर मी सही केली. मी म्हटलं, मास्तरासारखा भित्रा माणूस जर एवढं करतो, तर मी कशाला आडवा येऊ." त्याने घसा साफ केला. "नंतर बोलायला यायला हवं होतं. पण बोललो असतो तर आभार मानावे लागले असते. दोघांचे."

म्हणजे त्या तंगड्याचा हिशेब तो होता. लोवेलला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्यात त्याचा हातखंडा होता, आणि जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला धीट समजलं होतं.

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "मी चष्मा पुसत होतो."

"काय?"

"चष्म्यावर माती आली होती. मी तो पुसत होतो. मला वाटलं फेरी हुकली, म्हणून अंदाजाने लिहिली. तेवढंच."

व्हर्लन त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि लोवेलला त्याची पाठ थोपटावी लागली.

"म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं," व्हर्लनने डोळे पुसले, "मी एका चष्म्याचा मान ठेवून गप्प बसलो."

"हो."

"हॉइटला हे कळलं असतं तर ट्रॅकवर गडबडा लोळला असता." मग तो थांबला. "जाळून टाक ते, मास्तर. कोणाला काय करायचंय?"

लोवेलने कार्ड मांडीवर घेतलं. जाळावं असं त्यालाही कितीदा वाटलं होतं. पण तेव्हा त्यात एकच खोटी ओळ होती. आता जाळलं तर खरी गोष्टही तिच्याबरोबर जाणार होती. हॉइटने जी कधीच कोणाला सांगितली नाही ती.

त्याने पेन काढलं. एकशे बाराव्या ओळीवरची वेळ पट्टीने रेघ मारावी तशी सरळ खोडली आणि बारीक अक्षरात लिहिलं: दुसऱ्या वळणावर थांबला, रेक्स स्टेमीसाठी. खाली दोनशेचे एकशे नव्व्याण्णव केले.

"अरे, मग पाटीवर माझं नाव लावतील," व्हर्लन म्हणाला. "मला नको ते. मी स्वतः ब्रश घेऊन जाईन पुसायला."

"हरकत असेल तरच निकाल बदलतो," लोवेल म्हणाला. "नियम आहे. हरकत घेणारा तू एकटाच उरला आहेस."

त्याने कार्ड आणि पेन पुढे केलं, आणि करताना व्हर्लनच्या तोंडाकडे बारकाईने बघत राहिला. कुठे एखादी चमक दिसते का, एखादा जुना हिशेब. व्हर्लनने शेंगांचं पाणी विजारीला पुसलं. तळाशी त्याची जुनी सही होती. तिच्याखाली त्याने 'हरकत नाही' असं लिहिलं, सही केली, आणि आजची तारीख टाकली.

"माइकवर तूच सांगणार का शनिवारी?" त्याने विचारलं. "त्या बाईने तुझं नाव लावलंय."

"मला जमणार नाही. कार्ड काचेत राहील. ज्यांना वाचायचं ते वाचतील."

"मी उभा राहीन शेजारी. तू वाचून दाखव फक्त. लिहिलेलं तर वाचता येतं ना तुला?"

लोवेलने चष्मा काढला, रुमालाने नीट पुसला, लावला, आणि कार्ड डोळ्यांजवळ धरून दोन्ही सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या.

"माझीच आहे, मास्तर," व्हर्लन म्हणाला आणि पिशवीतली शेवटची शेंग त्याच्यापुढे सरकवली.